फराळाचं तळण: हात, ओटा आणि तेल सांभाळून कसं करायचं?

कातणं (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच फराळाचं तळण माझ्याकडे आलंय. गेल्या वर्षापर्यंत सासूबाई तळायच्या आणि मी लाटून, भरून, कातून द्यायचे. आता त्यांचे गुडघे त्यांना फार वेळ उभं राहू देत नाहीत. त्या खुर्चीवर बसून करंज्या भरतील, झारा माझ्या हातात.

खरं सांगते, मला तळणाची भीती बसली आहे. गेल्या दिवाळीत सासूबाई देवापाशी दिवा लावायला गेल्या, तेवढ्यापुरता मी झारा घेतला. सारण ओल्या नारळाचं होतं. एका करंजीची कड नीट चिकटलेली नव्हती, मी ती तशीच सोडली. क्षणभर काही नाही. मग कड उकलली, तेल आत शिरलं आणि नारळ तडतडत उडायला लागला. मनगटावर तीन ठिकाणी आणि गळ्याशी एक, असे चटके बसले. मनगटावरचा एक डाग अजून आहे. गॅस बंद करायचं मला सुचलंच नाही, मी नुसती मागे सरकले. सांडलेलं सारण तळाशी करपलं आणि पुढच्या सगळ्या करंज्यांना काळे ठिपके लागले.

घर वनबीएचके, ओटा जेमतेम सहा फुटांचा, मुलगी चार वर्षांची आणि सतत पायात. शिवाय तळण झालं की आठवडाभर ओटा, टाइल्स, डबे सगळं चिकट. दीड-दोन लिटर तेल उरतं, त्याचं काय करायचं तेही दर वर्षी कळत नाही. करंज्या, चकल्या, शंकरपाळी आणि थोडे अनारसे करायचे आहेत. विकतचा फराळ आणा असं कृपया कोणी सांगू नका. सासूबाईंना घरचाच हवा आहे आणि मलाही.

सोऱ्या (सातारा)

बाळा, भीती वाटते हे चांगलं आहे. मी बावीस वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेते आणि आजही कढईत तेल ओतलं की पदर खोचून, केस बांधूनच पुढे होते.

पहिली गोष्ट कढईची. पसरट कढई घेऊ नकोस. लहान तोंडाची, खोलगट, जाड बुडाची घे आणि तिच्यात तेल एक तृतीयांशच घाल, फार तर निम्म्याला थोडं कमी. माझी कढई तीन लिटरची आहे, तिच्यात मी एक लिटर तेल घालते. वरची मोकळी भिंत फार कामाची. फेस वर येतो तो तिथे अडतो, थेंब उडतात ते भिंतीला लागून परत आत पडतात. ओटा चिकट होतो तो बहुतेक काठोकाठ भरलेल्या पसरट कढईमुळे. खोलगट कढईत एका घाण्याला चार करंज्या कमी बसतात, पण नंतर टाइल्स घासायचं काम निम्म्याने उरकतं.

कढई शेगडीच्या स्टँडवर हलते का ते तेल घालायच्या आधी बघ. गोल बुडाची कढई आणि हल्लीच्या काचेच्या शेगडीचं पसरट स्टँड यांचं नीट जमत नाही. झाऱ्याने कडेला जरा दाबलं की कढई कलते. रिकामी असतानाच दाबून बघायची. हलत असेल तर सपाट बुडाची कढई घे, नाहीतर कढईचं वेगळं गोल स्टँड मिळतं ते लाव.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. तेल आपण होऊन उडत नाही, त्याला पाणी उडवतं. धुतलेला झारा आतून कोरडा नसतो, भोकांच्या कडेला पाणी धरून ठेवतो. मी झारा पुसून वर गॅसवर दोन सेकंद धरते. करंजीची कड चिकटवायला बोट पाण्यात बुडवून फिरवतात, तिथेच चूक होते. पाण्याऐवजी दुधाचं बोट, तेही अगदी पुसटसं. मग कड दाबून, कातून करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवतो ना, ते फडकं घट्ट पिळलेलं हवं. फडक्यातून पाणी करंजीच्या पोटाला लागलेलं असलं की कढईत सोडताच चर्र होतं.

तुझं ओल्या नारळाचं सारण नीट परतलेलं नसावं. नारळ-गूळ परतताना गोळा कढई सोडतो, तिथवर जायचं आणि पूर्ण गार करायचं. गरम सारण भरलं तर आतल्या आत वाफ धरते आणि कड उकलते. आणि एखादी करंजी कढईत उकललीच, तर लगेच गॅस बंद करायचा. झाऱ्याने करंजी काढायची घाई करायची नाही, तडतड थांबली की मग काढायची. त्यानंतर तेल गाळल्याशिवाय पुढचा घाणा नाही.

चकलीचं सांगते. चकली तेलात थेट पाडायला जाऊ नकोस, नवीन हाताला ते झेपत नाही. ताटलीच्या पालथ्या बाजूला किंवा बटर पेपरच्या तुकड्यावर पाड. मग उलथन्याने उचलून, उलथन्याची कड तेलाच्या अगदी जवळ नेऊन, आपल्या विरुद्ध दिशेला सरकव. उंचावरून टाकलं की तेल उडून हातावर येतं. मुळात माणूस घाबरून लांबूनच टाकतो आणि त्यामुळेच भाजून घेतो.

कातणं (डोंबिवली)

काकू, लांबून टाकायचं अगदी खरं आहे, मी तेच करते. तेल किती तापलं हे कसं ओळखायचं? सासूबाई नुसत्या बघून सांगतात.

सोऱ्या (सातारा)

कणकेची किंवा चकलीच्या पिठाची हरभऱ्याएवढी गोळी सोड. तळाशी जाऊन तिथेच बसली तर तेल थंड. टाकल्याबरोबर वर येऊन लाल झाली तर फार तापलंय. तळाशी जाऊन, बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आली की करंजी-चकलीचं तेल झालं.

चकली झाली हे रंगावरून ओळखू नकोस, आवाजावरून ओळख. टाकल्यावर मोठा फेस येतो, आवाज भरून येतो. मग फेस विरळ होत जातो, आवाज बारीक होतो, आणि एक वेळ अशी येते की चकलीच्या कडेला चारदोन बुडबुडे तेवढे राहतात. तेव्हा काढ. फेस असताना काढलेली चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

तापमापक (पुणे)

सोऱ्याकाकूंनी सांगितलेल्या आवाजामागचं कारण लिहितो. मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो.

पिठातलं पाणी १०० अंशांना उकळतं आणि तेल असतं १६०-१७० अंशांवर. त्यामुळे पदार्थ तेलात पडताच त्यातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर धावते. तो फेस म्हणजे ती वाफ. वाफ होताना पाण्याचं आकारमान सुमारे सोळाशे-सतराशे पट वाढतं, म्हणून झाऱ्यावरचा एक थेंब इतका धिंगाणा घालतो. पाणी तेलापेक्षा जड, तो थेंब तेलाखाली जातो, तिथे त्याची वाफ होते आणि वरचं तेल घेऊनच ती बाहेर येते. फेस ओसरला याचा अर्थ आतलं पाणी संपत आलं. काकू आवाज ऐकून चकलीतला ओलावा मोजतात, प्रयोगशाळेत आम्ही त्याला यंत्र लावतो.

आता तेलकटपणाबद्दल. पदार्थ तळताना वाफ बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. बरंचसं तेल शिरतं ते बाहेर काढल्यानंतर, पदार्थ गार होताना. आतली वाफ निवते, पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर पदार्थ घेऊन कढईवरच दहा-पंधरा सेकंद निथळू द्यायचा. मग कागदावर आडवा पसरण्यापेक्षा रोळीत किंवा उंच चाळणीत, खाली ताट ठेवून, शक्यतो उभा ठेवायचा. वर्तमानपत्राचा कागद तर नकोच. त्याच्या शाईबद्दल अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच सावध केलं आहे. गरम तेलकट पदार्थाला ती शाई पटकन लागते. शिवाय गॅसच्या शेजारी तेल प्यालेल्या वर्तमानपत्रांचा ढीग म्हणजे पेटायला तयार असलेला काकडाच.

तळणाचा तापमापक मिळाला तर जरूर घ्या. माझ्या काट्यावर चकली-करंजी-शंकरपाळी १६० ते १७०, भजी आणि पुऱ्या १८० च्या आसपास, आणि तुपातले अनारसे १५० च्या खाली चांगले होतात. एका वेळी फार पदार्थ सोडले की तेल झपकन वीस-तीस अंश उतरतं. मग आपण आच वाढवतो, पदार्थ काढतो, आणि पुढच्या घाण्यापर्यंत तेल नको इतकं तापलेलं असतं. आच वाढवण्यापेक्षा घाणा लहान करा.

उपासाची_थाळी (नाशिक)

धागा फराळाचा आहे तरी विचारते, माफ करा. साबुदाणा वडा बॉम्बसारखा का फुटतो? गेल्या एकादशीला दोन वडे फुटले. एक पार छतापर्यंत उडाला. नशीब मी वाकले नव्हते.

तापमापक (पुणे)

ताई, माफी कशाला, घरच्या तळणात मला सगळ्यात धोक्याचा हाच पदार्थ वाटतो. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च. गरम तेलात बाहेरचे दाणे शिजून एकमेकांना चिकटतात आणि वड्याभोवती हवाबंद चिकट पापुद्रा तयार होतो. आत ओला साबुदाणा, ओला बटाटा. वाफ कोंडते, वाट मिळत नाही, आणि पापुद्रा फाटतो तेव्हा सगळं एकदम बाहेर पडतं.

साबुदाणा भिजवताना वर पाणी तरंगू देऊ नका. दाणा बोटांत चिरडला गेला पाहिजे, पण हाताला पाणी लागता कामा नये. बटाटे उकडून सोलल्यावर उघडे ठेवून कोरडे होऊ द्या, कुकरमधून थेट कुस्करू नका. दाण्याचं कूट भरपूर आणि थोडं जाडसर घाला, म्हणजे वाफेला वाट राहते. वडा गोळ्यासारखा ठेवू नका, चपटा थापा आणि मधे बोटाने भोक पाडा, मेदूवड्यासारखं. मध्यम आच, आणि एक बाजू पक्की होईपर्यंत झाऱ्याने टोचायचं नाही. तरीही वड्यावर फुगवटा दिसला तर मागे व्हा आणि गॅस बंद करा.

भरल्या मिरच्यांचंही असंच. चीर दिल्याशिवाय मिरची तेलात सोडू नये.

बोंबील_रवा (मालवण)

मिरचीपेक्षा गाबोळी वाईट. माशाची गाबोळी वरून कशी गुळगुळीत दिसते, पण आत हजारो अंडी आणि प्रत्येकात ओलावा. कढईत टाकली की बंदुकीच्या गोळ्यांसारखी उडते. माझ्या आयेच्या कपाळावर त्याची खूण होती. आम्ही गाबोळी आधी हळद-मीठ घालून हलकी वाफवून घेतो, मग कापून, मसाला-रवा लावून तव्यावर थोड्या तेलात. वर जाळीचं झाकण. भरपूर तेलात गाबोळी कधीच नाही.

बोंबील तर नुसतं पाणी. साफ करून, मधे चिरून, पंच्यात गुंडाळून वर पाटा ठेवायचा, तासभर. पंचा चिंब होतो. तो ओलावा निघाल्यावरच मसाला. लोक म्हणतात बोंबील कुरकुरीत होत नाहीत, तेल उडतं. पाटा ठेवला नाही म्हणून.

पांढरा_कोट (नवी मुंबई)

मी परिचारिका आहे, काही वर्षं जळीत कक्षात काम केलं आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात फटाक्यांनी भाजलेले येण्याआधी तेलाने भाजलेले यायचे. म्हणून हे सविस्तर लिहिते, कृपया सगळ्यांनी वाचा.

तेलाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा खोल जातो. तेल पाण्याहून जास्त गरम असतं आणि कातडीला चिकटून राहतं. भाजलं की पहिलं काम, नळाखाली धरा. साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. दोन मिनिटांनी बरं वाटतं म्हणून हात काढू नका, आत उष्णता अजून काम करत असते. बर्फ लावू नका, त्याने आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. हात नळाखाली असतानाच बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून घ्या. नंतर सूज आली की बांगडी कापावी लागते. दिवाळीत हात बांगड्यांनी भरलेले असतात, म्हणून मुद्दाम सांगते. तेलाने भिजलेला कपडा काढा, पण कातडीला चिकटला असेल तर ओढू नका.

हळद, टूथपेस्ट, तूप, शाई, कणीक, बटाट्याचा कीस यांतलं काहीही लावू नका. आमच्याकडे लोक पिवळे-पांढरे हात घेऊन यायचे आणि ते खरवडून काढताना त्यांना जो त्रास व्हायचा तो भाजल्यापेक्षा जास्त असायचा. फोड फोडू नका. पाण्यानंतर स्वच्छ, तंतू न सुटणारं, न चिकटणारं आवरण हवं. स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिक फिल्म हलकेच ठेवली तरी चालते, घट्ट गुंडाळायची नाही.

भाजलेली जागा आपल्या तळव्यापेक्षा मोठी असेल, चेहऱ्यावर, हाताच्या पंजावर, सांध्यावर किंवा नाजूक जागी असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, किंवा भाजलेलं मूल असेल, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का हेही विचारा.

कातणं ताई, मुलीबद्दल. आमच्याकडे आलेल्या मुलांपैकी बरीच कढईचा कान किंवा झाऱ्याचा दांडा ओढून भाजलेली असायची. दांडा ओट्याबाहेर येऊ द्यायचा नाही, कढई मागच्या बर्नरवर. आणि तळण चालू असताना चार वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात नको, दुसऱ्या माणसाच्या ताब्यात हवी. "तिकडे बस" सांगून ती बसत नाही. कोणी ताब्यात घ्यायला नसेल तर तळण त्या वेळेला करूच नका.

गरम तेलाची कढई उचलून दुसरीकडे ठेवायची नाही. सांडशीने तर कधीच नाही. सांडशी सटकते आणि तेल पोटापासून पायापर्यंत येतं. मी पाहिलेल्या सर्वात मोठ्या भाजण्यातल्या कितीतरी घटना तळण संपल्यावर, "कढई खाली उतरवून ठेवते" म्हणताना घडलेल्या आहेत. आहे तिथेच रात्रभर गार होऊ द्या.

तिसरा_मजला (पिंपरी)

ताईंच्या पोस्टला जोडून आमच्या घरची गोष्ट. बायकोने भज्यांसाठी तेल ठेवलं आणि शेजारच्या काकू दारात आल्या. पाच-सात मिनिटं बोलणं झालं. मी आत टीव्ही बघत होतो. जळका वास आला म्हणून गेलो तर कढईतून धूर, आणि माझ्या डोळ्यांदेखत तेलाने पेट घेतला. ज्वाळा चिमणीच्या जाळीपर्यंत. माझा हात आपोआप पिंपाकडे गेला. पाण्याचा तांब्या भरलेला होता हातात. शेजारच्या काकू ओरडल्या, "पाणी नको, परात टाका!" त्यांनीच कणकेची स्टीलची परात उचलून माझ्या हातात दिली. मी बाजूने सरकवत कढईवर ठेवली, गॅस बंद केला. ज्वाळा दोनच सेकंदात विझल्या.

मग मी मूर्खपणा करणार होतो, परात उचलून बघणार होतो. काकूंनी हात धरला. तासभर परात तशीच. तेल अजून तापलेलं असतं, हवा मिळाली की परत पेटतं, हे नंतर वाचलं. तो तांब्या मी ओतला असता तर काय झालं असतं याचा विचार आजही झोप उडवतो.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. कढई शेगडीवर चढायच्या आधी तिच्यावर पुरेल एवढी परात शेजारी ठेवायची. काचेचं झाकण नाही, ते तडकतं. आणि तेल ठेवून दार उघडायला जायचं असेल तर गॅस बंद करून जायचं.

पांढरा_कोट (नवी मुंबई)

दादा, काकूंनी तुमचं घर वाचवलं. दोन गोष्टी जोडते. पेटत्या तेलावर पीठही टाकायचं नाही, पीठ स्वतः भडकतं. आणि चिमणीची जाळी तेलकट असेल तर ज्वाळा तिथे पकडते, म्हणून दिवाळीआधी जाळ्या गरम पाणी आणि साबणाने धुऊन काढा. आग झाकता येत नसेल तर घराबाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२.

गुलाबी_थंडी (न्यू जर्सी)

इथून लिहिते. आमच्याकडची विजेची शेगडी बंद केली तरी तिचं वेटोळं बराच वेळ लाल राहतं. म्हणजे भारतात गॅस बंद केला की आच संपते, तसं इथे होत नाही, तेल तापतच राहतं. इथे नव्याने आलेल्या मुलींना मी पहिलं हेच सांगते. माझ्या धाकट्या बहिणीने पहिल्या वर्षी "बंद केलंय की" म्हणून फोन घेतला आणि घरभर धूर झाला, इमारतीचा अलार्म वाजला, सगळे लोक थंडीत खाली.

आता आम्ही मंडळाच्या दोघी-तिघी मिळून सुट्टीच्या दिवशी अंगणात फराळ तळतो. सपाट, पक्क्या टेबलावर इंडक्शन, जाड सपाट बुडाची कढई, मुलं घरात. इंडक्शनवर तापमान ठरवता येतं आणि बंद केलं की आचही बंद. वास, धूर, चिकटपणा काहीच घरात येत नाही. एअर फ्रायरमध्ये शंकरपाळी आणि चिवड्याचे पोहे छान होतात. चकली मात्र लागते कोरडी भाजल्यासारखी. मला तरी ती चकली वाटत नाही.

लाकडी_घाणा (सोलापूर)

माझ्या मते घाण्याच्या शेंगदाणा तेलाला पर्याय नाही. चव आणि सुगंध दोन्ही.

तापमापक (पुणे)

चवीबद्दल एकदम मान्य. पण भरपूर तेलातल्या तळणासाठी मी ते सुचवणार नाही. न शुद्ध केलेल्या तेलात बारीक चोथा, ओलावा आणि चिकट द्रव्यं राहतात. त्यामुळे ते जास्त फेसाळतं आणि लवकर धुरावतं. रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० अंशांपर्यंत धूर सोडत नाही, घाण्याचं त्याच्या कितीतरी आधी सोडतं. घाण्याचं तेल फोडणीला, चटणीवर, भाकरीबरोबर. तळणाला रिफाइंड किंवा चांगलं कढवलेलं तूप.

लाकडी_घाणा (सोलापूर)

फेस येतो हे खरं. आमच्याकडे आई घाण्याचं तेल आधी मंद आचेवर तापवून, फेस बसल्यावर मग तळायची. आणि कढई मोठी घ्यायची. पण पहिल्यांदा तळणाऱ्यांनी नको करायला, हे पटतं.

हिशोबी (ठाणे)

उरलेल्या तेलाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. गार झालं की बारीक गाळणीवर सुती कापड टाकून गाळा. तळाचा काळा चोथा आत राहिला तर तेल लवकर खवट होतं. मग काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, अंधारात. मी ते फक्त फोडणीला वापरते आणि आठवड्याभरात संपवते. त्यावर परत तळण नाही. काळं पडलेलं, चिकट झालेलं, तापवताच फेसाळणारं किंवा लवकर धूर देणारं तेल टाकायचंच.

हॉटेलांसाठी तर १ जुलै २०१८ पासून नियमच आहे. तेलात तापवून तापवून बनणारी जी घटक द्रव्यं असतात, त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही. घरी आपण मोजू शकत नाही, म्हणून आपणच कडक राहायचं. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करायची 'रुको' नावाची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. आमच्या सोसायटीने दिवाळीनंतर सगळ्यांचं तेल एका कॅनमध्ये जमा करून अशा गोळा करणाऱ्यांना दिलं. चाळीस घरांचं मिळून भरपूर जमलं. एकट्या घराचं कोणी नेत नाही, एकत्र केलं तर नेतात.

तशी सोय नसेल तर जुन्या कापडात, कोंड्यात किंवा लाकडाच्या भुशात शोषवून सुक्या कचऱ्यापासून वेगळं द्या. सिंकमध्ये ओतू नका. गरम पाणी सोडलं तरी पुढे पाइपात जाऊन ते गोठतं. आमच्या विंगची तुंबलेली लाइन प्लंबरने उघडली तेव्हा आतून साबणाच्या वडीसारखे पांढरे गोळे निघाले होते.

आणि ओटा. कढई पूर्ण गार होऊन बाजूला झाल्यावर ओट्यावर तांदळाचं पीठ किंवा चाळलेला कोंडा भुरभुरवा. पाच मिनिटांत तेल पिऊन त्याचे गोळे होतात. ते कोरड्या कापडाने गोळा करायचे, मग साबणाचं पाणी. आधीच ओलं फडकं फिरवलं की तेल पसरतं, हीच चूक सगळे करतात. तळायला सुरुवात करण्याआधी शेगडीच्या शेजारचे डबे, मिक्सर, सगळं आत ठेवा, म्हणजे ते पुसायचं कामच राहत नाही.

कातणं (डोंबिवली)

मंडळी, दिवाळी झाली. उशिरा लिहितेय, पण लिहायचं होतंच.

मुलीला दोन्ही दिवस खालच्या मावशींकडे ठेवलं. मोठी पसरट कढई माळ्यावर टाकली आणि बोहारणीकडून घेतलेली जुनी खोलगट पितळी काढली होती, पण ती हलत होती. सोऱ्याकाकूंचं ऐकून बाजारातून सपाट बुडाची जाड कढई आणली, सव्वा लिटर तेल. शेजारी परात. अंगात जुना सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा, केस बांधलेले, बांगड्या काढून देवघरात.

पहिल्या दिवशी शंकरपाळी, कारण त्यात सारण नाही. दहा घाणे होईपर्यंत हात स्थिर झाला. दुसऱ्या दिवशी चकल्या आणि मग करंज्या. यंदा ओल्या नारळाऐवजी सुक्या खोबऱ्याचं सारण केलं. सासूबाई खुर्चीवर बसून प्रत्येक करंजी उजेडाकडे धरून कड तपासायच्या आणि मगच ताटात ठेवायच्या. एकीला कड सुटलेली होती, ती त्यांनी बाजूला काढली. मी पहिली करंजी तेलाच्या अगदी काठावरून सोडली. नुसते बारीक बुडबुडे, थेंब बाहेर नाही. मधे बेल वाजली. मी गॅस बंद केला आणि मग दार उघडलं. कुरियर होता.

अनारसे मात्र सासूबाईंनीच केले, अर्धा तास उभं राहून. दुसराच अनारसा तुपात हसला, सगळी जाळी विरघळून गेली. त्या म्हणाल्या पिठात गूळ जास्त झाला. थोडं तांदळाचं पीठ मिसळून बाकीचे छान झाले.

चकलीचा आवाज मात्र मला अजून नीट कळत नाही. पहिल्या तीन घाण्यांच्या मऊ पडल्या. काकू, त्या परत तळता येतात का?

सोऱ्या (सातारा)

परत तळू नकोस, तेल पितील. ओव्हन असेल तर १२० अंशांवर दहा-बारा मिनिटं, नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता. पूर्ण गार होऊ देऊन मगच डब्यात भर. आणि पुढच्या वेळी तळताना टीव्ही बंद ठेव, आवाज ऐकू येईल.